जाळाचा रंग

"आधी जाळाचा रंग पाह्य, पोरा. मंग हत्याराले हात लाव."

नागपूरच्या मिलच्या बॉयलरघरात, जेवणाचा डबा पोचवायला गेलेल्या लहानग्या कुशलला बाबांनी हे सांगितलं होतं. आज अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या बॉयलरपुढे उकिडवं बसलेल्या कुशलला तोच आवाज ऐकू आला. बाहेर जानेवारीचा बर्फ. बॉयलर सकाळपासून चौथ्यांदा बंद पडला होता.

वरून बायकोची, प्रणिताची हाक आली, "अरे, पुरुषोत्तमकाका कोट घालून पोहे खातायत! मेकॅनिकला कॉल कर ना."

"दोनदा येऊन गेला तो. पार्टसुद्धा चेंज केला. तो असेपर्यंत नीट चालतो, गेला की बंद!"

"म्हणजे पेशंटच की रे," काका वरूनच ओरडले. "डॉक्टर दिसला की दुखणं गायब!" शेजारीच राहणारा, चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस तो.

कुशलने बॉयलर पुन्हा पेटवला. या वेळी नुसता जाळ बघितला. जवसाच्या फुलासारखा निळा. मग खोलीचं दार लोटून घेतलं आणि फटीतून पाहत राहिला. हळूहळू जाळ पिवळा झाला, लवलवला, काहीतरी शोधत असल्यासारखा वर ताणला गेला. टक्. बंद.

मेकॅनिक काम करताना दार उघडं असायचं. लावलेल्या दाराआड हवा यायची ती शेजारच्या भिंतीतल्या जाळीतून. आणि त्या जाळीला टेकून, इंडियन स्टोअरच्या सेलमधून आणलेल्या तांदळाची आठ पोती रचली होती. त्यानेच.

मागच्या हिवाळ्यात बाबा आले होते. तेव्हा दोनच पोती होती. "हे हटव. त्याले श्वास घेऊ दे," ते म्हणाले होते.

"बाबा, इथली मशिनं वेगळी असतात. तुम्ही वर बसा ना."

बाबा वर जाऊन बसले. त्याच संध्याकाळी काकांनी विचारलं होतं, "दादाराव, आपण काय करत होता?" बाबांनी तोंड उघडायच्या आत कुशल बोलून गेला, "मिलमध्ये सुपरवायझर." बाबा कपातला चहा चमच्याने ढवळत राहिले. त्यात साखर नव्हतीच.

मार्चमध्ये ते परत गेले. जूनमध्ये ते गेल्याचा नुसता फोन आला.

एकेक पोतं खांद्यावर घेऊन कुशलने पलीकडच्या भिंतीला नेलं. बाबांच्या खांद्यांना रोज किती ओझं होतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. मग दार लावलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. जाळ निळाच. वरच्या मजल्यावर पाइप तापून टिकटिकू लागले.

तो वर आला तेव्हा काका कोट काढत होते. "शाब्बास! फॉल्ट सापडला? कुणाला विचारलंस?"

"बाबांना."

कुशल उभाच होता, शर्टाला तांदळाचं पीठ लागलेलं.

"काका, ते सुपरवायझर नव्हते. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. एकोणतीस वर्षं. मी... मीच खोटं बोललो."

प्रणिताने मान खाली घातली. काकांनी कोटाची घडी केली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला.

"माहीत आहे रे. हातांवरचे भाजल्याचे डाग बघून त्याच दिवशी निघताना दारात विचारलं होतं मी त्यांना. खरं ते सांगितलं त्यांनी. आणि म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, तुमाले कळलं हे पोराले सांगू नका. तो खोटा पडन.'"