राहत्या घराचं गिऱ्हाईक

घराबद्दल आमच्या ह्यांचं मत ठरलेलं होतं. नळ गळला की मालकीणबाईंना फोन करायचा, आपण डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई वर येऊन म्हणाल्या, "हे वरचं घर विकतेय, पण आधी तुम्हाला विचारते," तेव्हा ह्यांनी हातातला चहा संपायच्या आत नकार देऊन टाकला. "भाड्याची घरं काय, छप्पन्न मिळतील!"

मला हे घर हवं होतं. सहा वर्षं राहत होतो, कर्जही झेपलं असतं. पण ह्यांनी एकदा नाही म्हटलं की संपलंच. मी आठवडाभर भांडी जरा जोरात आपटली, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी एक जोडपं घर बघायला आलं. मालकीणबाईंचे गुडघे जिना चढायला तयार नव्हते, म्हणून घर दाखवायचं काम ह्यांच्याकडे आलं. इथेच घोटाळा झाला. हे बुटांच्या दुकानात विक्रेते आहेत. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतलं तर ह्यांना जेवण जात नाही. जो बूट घालून दुकानभर फिरला, तो ते बूट घेतल्याशिवाय जात नाही, हा ह्यांचा लाडका सिद्धांत. त्या जोडप्यालाही तो जिन्यातच ऐकवून झाला.

जोडप्यातल्या बाईंनी नाक मुरडलं. "स्वयंपाकघर फारच लहान आहे."

झालं! ह्यांच्या अंगात दुकान संचारलं. "लहान? वहिनी, ओट्यापाशी उभ्या राहा. आता हात लांब करा. मिठाची बरणी लागली हाताला? पाऊल तरी उचलावं लागलं?"

"न्हाणीघराचं दार लागत नाहीये," बाईंचा नवरा आतून ओरडला.

"पायाच्या अंगठ्यानं थोडं उचला आणि ढकला! दोन दिवसांत पायाला सवय होते. आमची ही तर अर्धवट झोपेतही लावते."

मी दारात उभी राहून हसू दाबत होते. मग हे खिडकीच्या कट्ट्याशी आले आणि त्यांचा आवाज उतरला. "संध्याकाळी ही इथे बसून फोनवर बहिणीशी भांडते. दुसऱ्या कुठल्याही खोलीत तिचं भांडण इतकं खुलत नाही."

नवरा कट्ट्यावर बसला. बायको त्याच्या शेजारी बसली. "घेऊन टाकू," तो म्हणाला. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

जोडपं खाली गेलं. हे हात चोळत माझ्याकडे वळले. "पटवलं की नाही?"

"पटवलंत. आता सामान कधी बांधायचं?"

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. कट्ट्यावर जाऊन बसले, उठले, न्हाणीघराचं दार उगाचच अंगठ्यानं उचलून लावून आले. "तुझी बहीण..." एवढंच म्हणाले.

"तिच्याशी कुठूनही भांडता येतं," मी म्हटलं, पण कट्ट्यावरची नसलेली धूळ पदरानं पुसत राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि धाडधाड जिना उतरले. मी मागोमाग.

खाली चहा चालला होता. "ओट्यापाशी दोन माणसं मावत नाहीत," ह्यांनी धापा टाकत सुरुवात केली. "दार लागत नाही! उन्हाळ्यात छत असं तापतं..."

"अहो, आत्ताच तर तुम्ही..." तो नवरा चक्रावला.

"तेव्हा मी विकत होतो!"

"आणि आता?" मालकीणबाईंनी विचारलं.

"आता घ्यायचंय. आम्हालाच."

"सहा वर्षं राहताय, मग आठवडाभर तोंडात गुळणी धरली होती काय?" मालकीणबाई कडाडल्या. मग त्यांनी अवघडून जोडप्याकडे पाहिलं.

जोडप्यातल्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्या पायांकडे. बुटांच्या दुकानातला माणूस अनवाणीच धावत आला होता. त्यांनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याचा दंड धरला.

"उठा. सहा वर्षं घालून फिरलेत. ह्यांच्या पायातून आता हे घर निघायचं नाही."