फळ न धरणारा अवाल

बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. गोठ्यांतल्या शेळ्या भुकेनं एकमेकींचे केस खात होत्या, आणि सगळं गाव चाऱ्यासाठी माझ्या दारात उभं होतं. यंदा अगदलचा राखणदार मी. गावानं मिळून राखलेलं ते रान; राखणदारानं हो म्हटल्याशिवाय तिथली काडी हलत नाही. मोठा मान, म्हणून मीच हौसेनं हे काम मागून घेतलं होतं. आता भोगत होतो.

तसं राखायला उरलंय तरी काय? ॲटलासचा हा समोरचा डोंगर बघा. आधी अवालची झाडं गेली, मग त्यांच्या सावलीतली रानफुलं, वासाची झुडपं, शेवटी मातीसुद्धा. आमच्या अगदलातही ओक ओरबाडून झाले होते. उभे होते फक्त दोन म्हातारे अवाल, बाराही महिने हिरवे. एक निळ्या फळांनी लगडायचा. ती फळं पक्षी खायचे, त्यांच्या विष्ठेतून बी पडायचं, आणि काट्यांच्या आडोशाला बोटभर रोप दिसायचं. शेळ्या त्याला गुडघ्याएवढंही होऊ द्यायच्या नाहीत, तरी दर वर्षी नवं उगवायचं. त्या रोपांवर माझा जीव. दुसऱ्या अवालला मात्र कुणी कधी फळ बघितलं नव्हतं.

"तो वांझोटा तोडू या," मीच म्हणालो.

गावात वयानं सगळ्यात थोर दा हद्दू. त्यांनी मान डोलावली. "शहाणा आहेस, अद्दी. लेकुरवाळं झाड राहू दे. नुसतं खाऊन बसणाऱ्याला कशाला पोसायचं?"

"मग तुमची पाळी कधी, दा हद्दू?" मागून कुणीतरी विचारलं. उपाशीपोटीही सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी जरा ऊन पडलं आणि आम्ही कुऱ्हाडी घेऊन वर गेलो. शेळ्याही कशाबशा हाकत नेल्या. झाड कोसळलं तसा पिवळा धुरळा उडाला आणि बर्फावर पसरला. शेळ्या फांद्यांवर तुटून पडल्या. त्यांच्या चावण्याचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

तेवढ्यात माझी बायको तूदा जवाच्या भाकरी घेऊन वर आली. ती खालच्या खजुरांच्या मुलखातली. गाव अजून तिला 'खजूरवाली' म्हणून चिडवतं. बर्फावरचा पिवळा धुरळा तिनं बोटावर घेतला, हुंगला, आणि भाकरी तिच्या हातातून पडल्या.

"अहो, हा नर होता!"

"झाडात कसला आलाय नर?" दा हद्दू वैतागले. "खजूरवाले, थंडी डोक्यात गेली का तुझ्या?"

"नराची पूड पडल्याशिवाय आमच्याकडे मादीला खजूर धरत नाही. माझा बाप स्वतः चढून मादीवर नराच्या फुलांचे तुरे बांधायचा. आता आहेत ती फळं पिकतील, मग एकही येणार नाही. दुसरा नर कुठंय? सांगा ना, दा हद्दू, या खोऱ्यात दुसरा कुठंय?"

खोऱ्यात दुसरा नव्हता.

"तुरेवाल्या फांद्या शोधा!" ती किंचाळली. "कोरड्या! मादीवर बांधू!"

आम्ही धावलो. पण तुरे फांद्यांच्या कोवळ्या शेंड्यांना, आणि शेळ्यांनी आधी शेंडेच खाल्ले होते. उचलावी ती फांदी बोडकी. ज्यांना जगवायला झाड पाडलं त्यांनाच लोक दगड मारून हाकलू लागले. दा हद्दू बर्फात गुडघ्यांवर बसून पिवळी पूड ओंजळीत भरत होते, आणि तिचा चिखल होत होता.

शेवटी तुऱ्यांची एक फांदी मला दिसली. माझ्याच गाभण शेळीच्या तोंडात. मी ओढली. ती सोडेना. मी तिच्या तोंडावर बुक्की मारली, रडत, शिव्या देत पुन्हा मारली. तिनं डोळे मिटून घेतले आणि चावत राहिली.