तेलाला वारा

व्यंकोजीरावांनी गाडीच्या तेलासाठी पंखा आणला, तेव्हा सुंदरीबाईंनी कपाळाला हात लावला. "अय्यय्यो! स्वयंपाकघरातला पंखा कधीचा बंद पडलाय. तिथे बायको उकडून निघाली तरी चालेल, ह्यांच्या तेलाला मात्र वारा पाहिजे!"

पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती हो, निदान व्यंकोजीरावांसाठी तरी. दरवर्षी कुंभकोणमहून मरुदानल्लूरला राधाकल्याणाच्या, म्हणजे राधाकृष्णाच्या लग्नाच्या, उत्सवाची तसबीर जाते, ती ह्यांच्या घरच्या गाडीतून. आधी वडील, म्हणजे आप्पा, गाडी चालवायचे. त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी देवाच्या गाडीवरची माळ काढून भर रस्त्यात लेकाच्या गळ्यात घातली, आणि मान ह्यांच्याकडे आला. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पोरांनी कधी धड ऐकलं नाही. पण वर्षातून एक दिवस पुढे भजन, मागे सगळी आप्तमंडळी, आणि मधोमध स्टिअरिंग धरून बसलेले व्यंकोजीराव! त्या एका दिवसावर हा माणूस उरलेलं वर्ष काढायचा.

गेल्या वर्षी घात झाला. मिरवणूक चालते पावलापावलाने. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून अभंग, कापूर, आरती. त्यात घरचा नियम असा, की देव गाडीत बसला की मरुदानल्लूर येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. वाटेतल्या साक्कोट्टैला पोचेपर्यंत इंजिनातलं तेल इतकं तापलं, की गाडीने भसाभसा धूर सोडला आणि ती जागच्या जागी बसली. तसबीर उचलून रघुनंदनच्या गाडीत ठेवावी लागली. रघुनंदन हा धाकटा चुलतभाऊ. त्याची गाडी नवी, बॅटरीवरची. तिला इंजिन नाही, तेल नाही, धूर नाही, मेलीला आवाजसुद्धा नाही! देव तिच्यातून गेले आणि व्यंकोजीराव मागून चालत गेले. भजन मंडळाच्या प्रमुख भारतीअक्का, वयाने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या, त्यांनी तेव्हाच बजावलं, "यंदा झालं ते झालं. पुन्हा असं घडलं तर मान रघूकडे."

वर्षभर ह्यांना अन्न गोड लागलं नाही. डोकं खाजवून खाजवून शेवटी निदान केलं. गाडीच्या पुढच्या जाळीमागे ऑइल कूलर असतो. इंजिनाचं तेल त्यातून फिरतं आणि समोरच्या वाऱ्याने निवतं. गाडी धावली तर वारा लागणार, आणि देवाची गाडी धावते कुठे? तेव्हा वारा आपणच घालायचा! विघ्नेश मेकॅनिककडून कूलरच्या मागे विजेचा पंखा बसवून घेतला. तो जाळीतून हवा आत ओढणार. डॅशबोर्डवर त्याचं बटण, शेजारी तेल किती तापलं ते दाखवणारा काटा. मग गाडी दारात उभी करून, इंजिन चालू ठेवून प्रयोग सुरू. काटा चढला की बटण दाबायचं, पंखा घुर्र करायचा, काटा शहाण्या बाळासारखा खाली यायचा. दूधवाल्याला दाखवून झालं, शेजारपाजारला दाखवून झालं. रघुनंदनलाही मुद्दाम बोलावून दाखवलं. "भारीच की, अण्णा," तो म्हणाला. आणि मनापासून म्हणाला, हेच ह्यांना झोंबलं.

उत्सवाचा दिवस उजाडला. सुंदरीबाई तसबीर मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या, मृदंगावर थाप पडली, गाडी निघाली. वाटेवरच्या घराघरातून माळा येत होत्या. इथली रीत अशी, की माळ देवाला दाखवायची आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधायची. जितक्या माळा, तितका गाडीचा थाट. व्यंकोजीरावांनी तर यंदा जाळीला जादा हूक लावून घेतले होते, एकही माळ परत जायला नको म्हणून.

साक्कोट्टै आलं आणि काटा चढायला लागला.

ह्यांनी बटण पुन्हा दाबून पाहिलं. पंखा चालूच होता, चांगला बोंबलत होता. काटा आपला वरच! इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून व्यंकोजीराव खाली उतरले आणि पुढे येऊन बघतात तो काय! मोगरा, तुळस, झेंडू, सगळ्या माळा पंख्याने ओढून जाळीला गच्च चिकटवलेल्या. हवा आत जायला सुईएवढी फट नाही. म्हणजे गेल्या वर्षीही हेच झालं होतं की! दोष ना गाडीचा, ना तेलाचा. दारातल्या प्रयोगात सगळं होतं, फक्त माळा नव्हत्या. कर्म माझं, म्हणाले व्यंकोजीराव मनातल्या मनात, आणि पोरांना मी फिजिक्स शिकवत होतो!

आता करायचं काय? देवाची माळ फेकता येत नाही, जमिनीवर ठेवता येत नाही. ती उतरवायची तर कुणाच्या तरी गळ्यातच. काटा लाल रेघेला टेकायला आला असणार. समोर बॉनेटशेजारी देवाची छत्री धरून रघुनंदन उभा होता, बिचारा सकाळपासून ऊन खात. व्यंकोजीरावांनी एक माळ ओढली आणि त्याच्या गळ्यात घातली. मग दुसरी, मग तिसरी. मग दोन्ही हातांनी सपाटाच लावला. रघुनंदनचं नाक तेवढं फुलांतून बाहेर राहिलं. झांजा थांबल्या. मृदंग थांबला. जाळी मोकळी झाली, पंख्याने भरपूर हवा घेतली, आणि व्यंकोजीराव धावत सीटवर येऊन बघतात तर काटा उतरतोय! जिंकलो, त्यांना वाटलं. ओरडावंसं वाटलं.

खिडकीशी भारतीअक्का उभ्या होत्या. डोळ्यांना पदर.

"व्यंकोजी, आप्पांची आठवण करून दिलीस रे. त्यांनीही अशीच भर रस्त्यात तुझ्या गळ्यात माळ घातली होती. पण त्यांचे डोळे गेले होते. तुझी तर गाडी ठणठणीत चालली आहे, आणि तरी आपल्या हाताने धाकट्याला मान दिलास! पुढल्या वर्षीपासून देव रघूच्या गाडीत."

व्यंकोजीरावांनी तोंड उघडलं. काय सांगणार? की अक्का, मी मान देत नव्हतो, तेल निववत होतो? साक्षात देवासमोर? तेवढ्यात रघुनंदनने खिडकीतून हात घालून ह्यांचे दोन्ही हात धरले. तो ढसाढसा रडत होता. "अण्णा, एवढं मोठं मन!"

"सरि," व्यंकोजीराव कसेबसे म्हणाले. बरं, म्हणाले.

भजन पुन्हा सुरू झालं. गाडी सरकली. समोरचा रस्ता ह्यांना धड दिसेना, बाहीने डोळे पुसावे लागले. मागे तसबीर धरून बसलेल्या सुंदरीबाईंनी सगळं पाहिलं होतं आणि सगळं ओळखलं होतं.

"काटा उतरला का हो?"

"उतरला."

"मग आता बंद करा तो पंखा. किती ओरडतोय."

"नको," व्यंकोजीराव म्हणाले. "मरुदानल्लूर येईपर्यंत चालू दे."