कावळ्यांचा रकाना

मुलाने फ्रीजच्या दारावर तक्ता चिकटवला आणि त्याचे चारही कोपरे अंगठ्याने दाबून घट्ट केले. मग दोन पावलं मागे सरून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"वाच," तो म्हणाला.

आईने चष्मा लावला. वाचता वाचता तिचा हात आपसूक पर्सकडे गेला आणि लाल पेन घेऊन बाहेर आला.

"'दुपारी'तला दु ऱ्हस्व. आणि हे 'गोड पदार्थ बंध' म्हणजे काय? बांधून ठेवायचे?"

"आई, शुद्धलेखन नको बघूस. काय लिहिलंय ते बघ."

"तेच बघतेय."

आईच्या रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांचा आकडा आठ पूर्णांक चार आला होता. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या होत्या आणि खाण्याकडे लक्ष द्या म्हणून सांगितलं होतं. मुलाने त्या एका वाक्याचा हा पानभर तक्ता केला होता. प्रत्येक घासाला वेळ नेमून दिलेली होती.

"पुढच्या तपासणीत आकडा सातच्या आत आला पाहिजे," तो म्हणाला. "नाही आला तर प्रेस सोडायचा. घरी बसायचं आणि मी ठेवीन ते खायचं. दिवसभर डोक्याला ताण, मग समोर येईल ते तोंडात टाकतेस तू."

तिच्या ओठावर उत्तर आलं होतं. ते तिने परतवलं आणि तक्त्यातल्या चुका दुरुस्त करून ती कामावर निघाली. जाताना तिने डब्यातली दोन बिस्किटं उचलली आणि जिन्यातच संपवली.

प्रेसमध्ये तिला सगळे काना-मात्राबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती तिथे प्रुफं वाचत होती. एकदा शाळेच्या पुस्तकात 'पालकांनी मुलांची चिंता करू नये' या वाक्यातल्या 'चिंता'वरचा अनुस्वार उडाला, तेव्हा हिने धावत जाऊन चालू मशीन थांबवलं होतं. बारा हजार पालक वाचले, असं मशीनवाले काका अजून सांगत. मालकांचा आवाज साऱ्या इमारतीत घुमायचा, पण बाईंच्या टेबलाशी आला की खाली उतरायचा. आणि हीच बाई घरी स्वतःच्या मुलासमोर शाळकरी पोरीसारखी गप्प बसायची. तीन वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून घरात ती आणि कमावता मुलगा अशी दोघंच होती. पोरगा काळजीने बोलतो, त्याला काय उलटून बोलायचं, असं तिचं म्हणणं. ते तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून कुणी खोडलंही नव्हतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने रद्दीतली प्रुफं घेतली, कोऱ्या बाजू वर करून दोऱ्याने शिवली आणि वही केली. पट्टीने तीन रकाने आखले. काय खाल्लं. कावळे ओरडत होते का. त्याआधी काय झालं.

"आत्मचरित्र लिहिताय की काय बाई?" मशीनवाल्या काकांनी मान लांब करून विचारलं.

"त्यापेक्षा खरं आहे."

"कावळे कुठले यात?"

"पोटातले."

काका हसत हसत गेले. तिने पहिली नोंद केली. बिस्किटं, दोन. कावळे, नाही. त्याआधी, मुलगा म्हणाला, 'समोर येईल ते तोंडात टाकतेस तू.' जे बोललं गेलं ते जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घालायचं, ही तिची कामातली सवय होती.

पहिले दोन आठवडे तिने खाण्यातलं काहीही कमी केलं नाही. आधी मजकूर आहे तसा वाचायचा, मग पेन उचलायचं, हे ती हाताखालच्या मुलींना नेहमी सांगायची. पण आहे तसा मजकूर वाचणं फार जड गेलं. रविवारी दुपारी तिने केकचे तीन तुकडे खाल्ले, तेही ओट्याशी उभ्याने, आणि सोमवारी ते लिहिताना तिला इतकी लाज वाटली की तिने तीनचा आकडा मुद्दाम ठळक केला. खोटं लिहायचं असतं तर तक्ता काय वाईट होता?

लिहावं लागणार हे ठाऊक असलं की हात थबकतो, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. तिसऱ्या आठवड्यात ती बसून खाऊ लागली. उभ्याने खाल्लेलं अंगी लागतं पण लक्षात राहत नाही, असं तिने काकांना सांगितलं. चौथ्या आठवड्यात तिने एक बिस्किट अर्धं खाऊन डब्यात परत ठेवलं आणि अर्धं खाता येतं या शोधाचं तिला स्वतःलाच हसू आलं. एका मंगळवारी जेवणाआधी तिला कडकडून भूक लागली. कावळे, हो, असं तिने लिहिलं. किती महिन्यांनी ती खरीखुरी भूक भेटली होती! त्या दिवशीची साधी भाजीसुद्धा तिला गोड लागली.

तरीही महिनाअखेरीला सगळी पानं चाळली तेव्हा तिला निष्कर्ष एवढाच दिसला की मुलगा म्हणतो तसा हा कामाचा ताण असावा. तिने वही मिटली आणि पुन्हा उघडली. ओळखीचा मजकूर नजर सवयीने बरोबरच वाचते, चूक समोर असून दिसत नाही. अशा वेळी प्रुफवाचक शेवटून वाचत येतात, एकेक शब्द सुटा करून. तिने ओळीखाली पट्टी धरली आणि शेवटच्या नोंदीपासून तिसरा रकाना वाचायला घेतला.

'तुला नाही कळायचं आई.' 'राहू दे, तू हात नको लावूस.' 'तुझं वय काय, तू करतेस काय.' 'सांगितलं ना एकदा.' पट्टी वर सरकत गेली. नको असताना खाल्लेलं एकवीस वेळा होतं, त्यातल्या एकोणीस वेळा कारण घरचं. दोनदा प्रेसचं, आणि त्यातही एकदा नुसती वीज गेली होती. प्रेसमध्ये ती बोलायची, म्हणून तिथे खावं लागत नव्हतं. घरी जे बोलायचं ते ती गिळायची आणि त्यावरून बिस्किटं.

तिला रडू आलं नाही, राग आला. मुलाचा आला, पण त्याच्या दुप्पट स्वतःचा आला.

त्या रविवारी ती कोबी चिरत असताना त्याने तिच्या हातातली सुरी घेतली. "राहू दे आई, तुझे हात थरथरतात."

"नाही थरथरत," ती म्हणाली. "सुरी दे."

त्याने सुरी दिली. तिने गड्डा संपेपर्यंत कोबी चिरला, केसासारखा बारीक. त्या दुपारी वहीत लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

तीन महिने भरले आणि तपासणीचा दिवस आला. आकडा सात पूर्णांक सहा होता. डॉक्टर खूश झाले, जे काय करताय ते असंच चालू ठेवा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती प्रेसला निघण्याच्या बेतात असताना मुलाने जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला. तो तिच्या नावाचा राजीनामा होता, टाइप करून आणलेला, खाली सहीपुरती जागा सोडलेली.

"सातच्या आत ठरलं होतं," तो म्हणाला.

"तू ठरवलं होतंस."

"साखर उतरली ती गोळ्यांनी. तू कुठे पथ्य पाळलंस? तक्त्यातली एक तरी वेळ पाळलीस का, खरं सांग."

तिने पर्समधून वही काढून त्याच्यापुढे ठेवली. खरं तर ती त्याला दाखवायची नव्हती. त्याने पहिलं पान उघडलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बिस्किटं, बिस्किटं, टोस्ट, केक तीन तुकडे. आई! हेच म्हणत होतो ना मी?"

"तिसरा रकाना वाच. शेवटून."

तो वाचू लागला. दोन पानं त्याने भराभर उलटली, तिसऱ्यावर त्याचा वेग मंदावला. मग तो बोट ठेवून वाचू लागला, लहानपणी वाचायचा तसा. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने घेतलं नाही.

"हे मी म्हणालो?" त्याने विचारलं.

"अवतरणचिन्हांत आहे."

"एवढं लागलं होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर खाल्लं नसतं."

त्याने वही मिटली. "मी काळजीने बोलतो गं."

"माहीत आहे. म्हणून तर तीन वर्षं गिळलं. आता माझ्याच्याने गिळवत नाही आणि गिळणारही नाही. काय खायचं, किती खायचं आणि कुठे नोकरी करायची, ते माझं मी बघेन. चुकले तर लिहून ठेवीन."

तिने चपला घातल्या, पर्स खांद्याला अडकवली. कागद टेबलावर तसाच होता. दाराशी पोचली तेव्हा मागून त्याची हाक आली. ती वळली. त्याचा कंठ वरखाली झाला, पण शब्द बाहेर पडेना.

"गिळू नकोस," ती म्हणाली. "बोल."

"बाबा गेले तेव्हा मला काहीच करता आलं नव्हतं." तो खाली बघून बोलत होता. "मला भीती वाटते आई."

तीन वर्षांत तो हे पहिल्यांदाच बोलत होता. तिने दाराची मूठ धरून ठेवली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पण सही करणार नाही."

आणि दार ओढून घेऊन ती कामावर गेली.