सगळीकडे 'कधीच नाही'

मी मोबाईल बोलतोय, डोईफोडियाच्या अंगणवाडीतला. खोक्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, कुणी गाणी ऐकील, फोटो काढील. पण ऑफिसानं मला अंगणवाडी सेविका वैजयंतीबाईच्या हातात दिलं नि सांगितलं, आता सगळं याच्यातच भरायचं.

तेव्हापासून भरणंच सुरू आहे. पोरांचं वजन भरा, गरोदर बायांची नावं भरा, खिचडीचा फोटो टाका. नेटवर्क नसलं की बाई मला धरून टेकडीवर धावायची.

यंदा वरून नवीन फर्मान आलं. कामाचा ताण घालवायचा ऑनलाइन कोर्स! तोही काम न थांबवता करायचा. माणसांची अक्कल बघा, चुलीवर बसवायचं नि वरून पंखा हलवायचा.

माझ्यातून गोड आवाज निघायचा, "डोळे मिटा. खोल श्वास घ्या." बाईनं डोळे मिटले की सुपरवायझर सुलभा मॅडमचा फोन. "वजनाची यादी अजून का नाही आली?" फोन आला की कोर्स पुन्हा पहिल्यापासून. मला लाज वाटायची. दोन्ही आवाज माझ्याच पोटातले.

आज शेवटची परीक्षा होती. तुम्हाला किती ताण येतो असे वीस प्रश्न, पाच वाजायच्या आत भरायचे. प्रत्येक ट्रेनिंगची येतात तशी याचीही उत्तरं ग्रुपवर आली, खुद्द मॅडमनं टाकली. "बहनों, सबमें 'कधीच नाही' दाबा. आपल्या सेक्टरचा नंबर खराब नको व्हायला."

पटापट अंगठे आले. एकवीस बाया, नि ताण एकीलाही नाही!

वैजयंतीबाईचं बोट माझ्यावर आलं. घामानं ओलं. महिनाभर तिची छाती धडधडत होती. परवा वजनकाट्यापाशी मटकन खाली बसली, पण कुणाला बोलली नाही. आता प्रश्न होता, काम करताना घाबरं होतं का?

"दाब ना वं बाई," मदतनीस धुरपदाबाई म्हणाली. "पाच वाजत आले. फेल होशील."

"माझ्या छातीत पास-फेल कसलं, मावशी?"

"मॅडम फाडून खाईल."

"खाऊ दे. मेल्यावर काय खाईल?"

तिनं 'रोज' दाबलं. पुढच्यालाही 'रोज', शेवटच्यापर्यंत खरं तेच. पाचला दोन मिनिटं होती नि नेटवर्क गोल गोल फिरत होतं. मी जीव खाऊन ओढलं. गेलं एकदाचं! माझ्यावर लाल अक्षरं आली, 'आजच डॉक्टरांना दाखवा.'

लगेच मॅडमचा फोन. मी वाजत राहिलो. बाईनं पहिल्यांदाच मला उचललं नाही. धुरपदाबाईनं लाल अक्षरं वाचली, अंगणवाडीला कुलूप लावलं नि बाईचा दंड धरला.

आता मी खकनारच्या दवाखान्यात धुरपदाबाईच्या मांडीवर आहे. आत डॉक्टर बाईला तपासतायत. बीपी ऐकून नर्स ओरडली, "इतके दिवस काय करत होता?" ग्रुपवर मॅडमनं लिहिलंय, "वैजयंती, ये क्या भर दिया?" त्याखाली कुणाचाच अंगठा नाही. एकीनं हळूच विचारलंय, "मॅडम, भरलेलं बदलता येतं का?"

नाही येत, बायांनो. मला माहीत आहे. म्हणून सांगतो, पहिल्याच वेळी खरं भरा.