बॉनेटमधल्या पुरचुंड्या

बीडहून परतताना मांजरसुंब्याचा घाट लागला की अंगदच्या गाडीला धाप लागायची. रोहिणी गिअर खाली घ्यायची, पाय तळाला टेकेपर्यंत रेस द्यायची, आणि गाडी आपली पाय ओढत चालायची. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. मागच्या सीटवर अंगदची आई साखराबाई डायलिसिस करून गळून पडलेली असायची.

अंगदचं नांदूरघाटला खत-बियाण्याचं दुकान. अपघातात डावा पाय मोडला, आत सळई बसली आणि क्लच दाबणं कायमचं बंद झालं. आधी चुलतभाऊ बिभीषणवर भिस्त होती. एकदा तो ऐनवेळी पुढाऱ्याच्या सभेला निघून गेला, डायलिसिस चुकलं आणि साखराबाईंच्या छातीत पाणी भरलं. तेव्हा अंगदच्या बायकोनं, रोहिणीनं, गाडी शिकून घेतली.

सून गाडी चालवते म्हटल्यावर गावात कुजबुज होणारच. साखराबाईंना नजरेची धास्ती. त्यांनी काळ्या फडक्यात बिबा, मीठ, मोहरी बांधून पुरचुंडी केली. "अंगद, म्होरं जाळीपाशी आतून बांध. लोकाला दिसू देऊ नको," त्या म्हणाल्या. त्यानं बांधली. थोड्याच दिवसांत गाडीची ताकद गेली, तशी त्यांनी दुसरी दिली. तीही बांधली. नजरेवर त्याचा विश्वास होता का? छे! पण आजारी आईचं मन मोडायचं कसं, आणि गॅरेजवर चार माणसांत हसू तरी कशाला करून घ्यायचं? म्हणून सत्तार मिस्त्री गाडी न्यायला यायच्या आत हा शहाणा पुरचुंड्या सोडून खिशात घालायचा आणि गाडी परत आली की गुपचूप बांधून टाकायचा. रोहिणीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सत्तारनं प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, कॉम्प्युटर लावून पाहिला. स्वतः घाट चढवून आणला. गाडी सुसाट.

"अंगदभाऊ, माझ्याकडं लई मस्त पळते, तुमच्या घरी गेली की बसते. असं कावून व्हतंय?" गाडी परत करताना तो अंगणात उभा राहून म्हणाला. "घरी हिच्यात काय बदलतंय तेवढं बघा. मला त्ये दिसंना. पण चालवणाऱ्यावर ढकलू नका. इंजिनाला बाई-गडी कळत न्हाई."

अंगदनं मान हलवली आणि खिशातल्या पुरचुंड्या मुठीत घट्ट धरल्या. सत्तार गेल्यावर त्यानं त्या पुन्हा जाळीपाशी बांधल्या.

साखराबाईंनी मात्र यातून भलताच अर्थ काढला. "सत्तारच्या हातात पळते, हिच्या हातात मरते. ह्यो पायगुण हाय. अंगद, किल्ली बिभीषणला दे." रोहिणी दोरीवर धुणं वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकलं. हातातलं लुगडं नीट पसरलं, घरात आली आणि किल्ली देवळीत ठेवली.

"अहो, तुमाला तरी तसं वाटतं का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"माय आजारी हाय गं," अंगद म्हणाला. आणि तो दुकान उघडायला निघून गेला.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी बिभीषणचा फोन बंद. देवळीतली किल्ली कुणी उचलायची? साखराबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या, अंगद दाराशी उभा राहिला. शेवटी रोहिणीनंच उचलली. अंगद तिच्या शेजारी बसला.

परतताना गाडीनं घाटात पार मान टाकली. ऊन डोक्यावर. साखराबाईंचं डोकं सीटवर कलंडलेलं, ओठ सुकलेले. पदरानं वारा घालण्यापलीकडं रोहिणीला काही करता येईना. तिनं सत्तारला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन अंगदच्या हातात दिला.

"वहिनी, गाडी चालू करा आन् रेस द्या. भाऊ, तुमी बॉनेट उघडून बघा. हवा आत घ्यायची नळी असते ना, तिच्या तोंडाशी काय व्हतंय ते सांगा."

अंगद लंगडत पुढं गेला. गाडी नुसती चालू होती तोवर पुरचुंड्यांची फडकी सैल लोंबत होती. रोहिणीनं रेस दिली तशी एका फडक्याची कड सप्पकन ओढली गेली आणि नळीच्या तोंडाला चिकटली. दुसरं त्याच्यावर बसलं. इंजिन घुसमटलं. पाय उचलला, फडकी पुन्हा लोंबली.

अंगदला सगळं कळलं. आताही सोपं होतं की! सोडायच्या, खिशात घालायच्या, बॉनेट आपटायचं. गाडी पळाली असती, आईचं मन राहिलं असतं. रोहिणीवरचा बोल तेवढा तसाच राहिला असता.

"काय दिसलं, भाऊ?" फोनवरून सत्तार विचारत होता.

"मग सांगतो," म्हणून त्यानं फोन बंद केला, दोन्ही पुरचुंड्या सोडल्या आणि मागचं दार उघडलं.

"माय, ही फडकी इंजिनाचा श्वास कोंडत व्हती. दर बारीला सत्तारभाईपासनं लपवली मीच. म्हणून त्याच्याकडं गाडी पळायची. रोहिणीला बोल लागला तवा बी मी गप बसलो. तिचा काही दोष न्हाई."

रोहिणीनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. ती रडत होती, पण अंगदला तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही.

साखराबाईंनी पुरचुंड्या त्याच्या हातातून घेतल्या. गाठी सोडून बिबा, मीठ, मोहरी रस्त्याकडंला टाकली. "तुला नजर लागू नये म्हणून केलं गं, पोरी. आन् तुझ्याच माथी मारलं." त्यांनी फडकं अंगदच्या हातात दिलं. "काच पूस. आन् मला म्होरं बसव, तिच्या शेजारी. बघू दे लोकाला."

गाडी घाट चढली. दारात उतरताना रोहिणी अंगदला एवढंच म्हणाली, "सत्तारभाईंना आता तुमीच सांगा, समद्यांच्या म्होरं." अंगदनं सांगितलं. गॅरेजवरची माणसं हसली, खूप हसली, आणि चहा आल्यावर दुसऱ्या विषयावर गेली. ज्या हसण्याला भिऊन त्यानं बायकोला बोल खाऊ दिला, ते हसणं एवढंसंच होतं.

माझ्या गावकऱ्यांनो, घरात काही बिघडलं की आपले डोळे आधी सुनेच्या पायांकडं जातात. तिथं बघू नका, बॉनेट उघडून बघा. आणि खरं ठाऊक असून आपण घरात गप्प बसतो, त्याला आईवरची माया म्हणू नका. अंगदच्या घरी त्या गप्प बसण्याची किंमत रोहिणीनं मोजली, आणि किल्ली हातात घेताना तिचा हात अजूनही क्षणभर थांबतो.