येनचा जुना भाव

मार्केट यार्डात बाळाप्पांचं गुळाचं अडत दुकान होतं. माल घेऊन आलेला कोणी भाव पडला म्हणून कुरकुरला, की ते त्याला समोर बसवून चहा पाजायचे. "पावणं, गूळ त्योच हाय, ढेप तीच हाय. भाव माझ्या हातात हाय व्हय? बाजार हाय त्यो, चढणार, उतरणार." त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा.

हाच माणूस आपल्या पोरीशी असा कसा वागला, हे पुढं त्यांचं त्यांनाच कळेना.

विद्याश्री त्यांची थोरली. इंजिनिअर झाली, जपानी शिकली आणि नागोयाजवळच्या एका कारखान्यात लागली. घरावर मजला चढवायचा होता, म्हणून दर महिन्याला ती आपणहून अप्पांच्या खात्यावर पैसे पाठवायची. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी सत्तर हजारांच्या आसपास जमा व्हायचे. पुढं पासष्ट, मग बासष्ट-त्रेसष्ट. बाळाप्पा तिला काही बोलले नाहीत, पण मनात धरून बसले.

मे महिन्यात धाकट्या सोमशेखरच्या साखरपुड्याला ती रजा काढून आली. कार्यक्रम आटोपला आणि जवळचे पाहुणे जेवायला बसले. मुरगूडची आक्का, म्हणजे बाळाप्पांची मोठी बहीण, कौतुकानं म्हणाली, "लेकीनं मजला चढवला म्हण की!"

"चढवतीया," बाळाप्पा म्हणाले. "पर आता हात आखडलाय. आधी सत्तर यायचं, आता साठ. पगार तर वाढलाय म्हणती. मग मधलं जातंय कुठं? तिकडं कुणाचा संसार चालवतीया, तिलाच इचारा."

पंगतीत हशा पिकला. विद्याश्री आमटी वाढत होती, ती जागच्या जागी थांबली.

"अप्पा, मी कमी नाही केलेले. तिकडच्या पैशाचा..."

"गप गं. जल्म गेला माझा भाव करण्यात. मला हिशेब शिकवू नगंस."

ती आत निघून गेली. राहिलेले दिवस तिनं घरात मुकाट्यानं काढले. निघताना अप्पांच्या पाया पडली आणि "अव्वा" म्हणत आईच्या गळ्यात पडून रडली. तेव्हापासून दानम्मा नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

पुढच्या खेपेलाही रक्कम वाढली नाही, तेव्हा बाळाप्पा धुसफुसले. दानम्मा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोरीला बोलून झालं. आता बँकेला इचारा की."

बँकच मध्ये काही कापत असेल, असं त्यांना वाटलं. भांडायच्या तयारीनंच ते गेले. परदेशी पैशाच्या टेबलावर प्रियदर्शनी नावाची तरुण अधिकारी बसली होती. तिनं त्यांचं मोठ्यानं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडं फिरवला. एक रेघ वरून खाली घसरत आली होती.

"काका, हा जपानच्या येनचा गेल्या काही वर्षांतला भाव. कोरोनाच्या वेळी एका येनला सत्तर पैसे मिळायचे. आता त्रेपन्न मिळतात."

बाळाप्पा रेघेकडं बघत राहिले. डॉलर चढतो, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. बाहेरचा पैसा म्हणजे महागच होत जाणार, एवढंच त्यांना ठाऊक. तो रुपयापुढं उतरतही असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आणि तुमची मुलगी कमी पाठवत नाहीये," प्रियदर्शनी म्हणाली. "आधी लाख येन यायचे. मग एक लाख दहा हजार. आता एक लाख वीस हजार येतात."

टेबलापाशी उभी असलेली माणसं ऐकत होती. बाळाप्पा उठले. ते बाहेर आले. स्कूटरची किल्ली हातात होती, तरी चालतच दुकानापर्यंत गेले.

संध्याकाळी दुकानात कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी फोन लावला.

"अप्पा? सगळं ठीक आहे ना? अव्वा बरी आहे?"

"बरी हाय. मी बँकेत गेलतो. येन उतरलाय."

"हो अप्पा."

"तू वाढवत गेलीस. बोलली न्हाईस."

"सुट्टीच्या दिवशीचं काम घ्यायचे. तुमचे सत्तर पुरे व्हावेत म्हणून. पण मी भर घातली, की तो आणखी उतरायचा."

"चुकलं माझं, विद्या."

"तुम्ही हे फोनवर म्हणताय, अप्पा. त्या दिवशी पंगत बसली होती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता, तर त्यांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मुरगूडला गेले. आक्काच्या सोप्यावर शेजारच्या दोघी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या उठून जाईपर्यंत थांबावं, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनाच त्याची लाज वाटली आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं.

आक्कानं कपाळाला हात लावला. "आता सांगतोस व्हय? गडहिंग्लजचं स्थळ बघितलंतं मी तिच्यासाठी. त्यांनी इचारलं, पोरीचं तिकडं काय हाय काय? मी म्हणलं, बापच तसं म्हणतोय. मग ते गप झाले."

बाळाप्पांनी पायात चपला सरकवल्या. "पत्ता दे त्यांचा."

"जाऊन काय सांगणार? येनचा भाव उतरला म्हणून?"

"व्हय. त्येच सांगणार."

आणि ते खरोखरच गेले. त्या लोकांनी बसायला दिलं, चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं. दारापर्यंत सोडायला आलेले मुलाचे वडील म्हणाले, "बघू, कळवतो." नको असलेल्या मालाला बाळाप्पाही असंच म्हणत आले होते.

घरी येऊन त्यांनी दानम्मांना एकूण एक गोष्ट सांगितली. मग दानम्मांनी लेकीला फोन लावला आणि तो नवऱ्याच्या हातात दिला. "स्थळाचंबी सांगा. झाकून ठेवू नगा."

बाळाप्पांनी सांगितलं.

"त्या लोकांचं मला काही नाही," विद्याश्री म्हणाली. "मी ओळखतही नाही त्यांना. पण तुम्ही तसं म्हणालात, अप्पा. ते माझ्या मनातून लवकर जाणार नाही."

"व्हय."

"आणि पुढच्या महिन्यापासून सुट्टीचं काम मी घेणार नाही. जेवढे होतील, तेवढेच पाठवीन."

"घेऊ नगंस," बाळाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की तिनं "काय म्हणालात?" म्हणून पुन्हा विचारलं.